पडत्या बाजारात आम्ही दोघं: शेअर्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही नाशिकचे. नवरा अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर सुपरवायझर, मी मेडिकल स्टोअरमध्ये फार्मासिस्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही आयुष्यातला पहिला शेअर घेतला आणि त्यानंतर बाजार महिनोन्‌महिने घसरतच राहिला. तेव्हापासून नणंद, दीर, बीपीच्या गोळ्या न्यायला येणारे काका, नवऱ्याच्या शिफ्टमधली पोरं, सगळे फिरून फिरून तेच विचारतात. म्हणून एकदाच लिहून काढलं. आम्ही सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) नोंदणी केलेले सल्लागार नाही, त्यामुळे आम्ही घेतलेल्या कंपन्यांची नावं इथे नाहीत. मागून हळूच विचारलंत तरी सांगणार नाही.

सुरुवात नेमकी कधी केली? बाजार पडतोय हे दिसत नव्हतं का?

दिसत होतं, कळत नव्हतं. २७ सप्टेंबर २०२४ ला निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, २६,२७७ वर जाऊन आला होता. आम्ही लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, १ नोव्हेंबरला, मुहूर्ताच्या सौद्यात उतरलो तेव्हा तो २४,३०० च्या आसपास होता. आम्हाला वाटलं, दोन हजार अंश उतरलाय म्हणजे स्वस्त झालाय. हापूस पेटीमागे दोनशेनं उतरला की घ्यायचा, तसंच. तो आणखी उतरू शकतो हे डोक्यातच आलं नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे सलग पाच महिने निफ्टी तोट्यात बंद झाला. असं १९९६ नंतर पहिल्यांदाच घडत होतं, आणि आमचा मुहूर्त नेमका त्यात लागला.

मग पडला कशामुळे?

एकच कारण सांगणाऱ्याकडे थोडं संशयानंच बघा. शेअर्सचे भाव कंपन्यांच्या कमाईच्या मानाने फार वर गेले होते. सप्टेंबरनंतर कंपन्यांचे तिमाही निकाल मवाळ यायला लागले. त्याच सुमारास परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी विक्रीचा सपाटा लावला. एकट्या ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी सुमारे ९४ हजार कोटींचे शेअर्स निव्वळ विकले. गंमत म्हणजे त्याच महिन्यात आपल्या देशातल्या लोकांची एसआयपी (म्युच्युअल फंडातले दरमहाचे हप्ते) पहिल्यांदाच २५ हजार कोटींच्या वर गेली. साहेब विकत होते आणि आपले पगारदार हप्त्याहप्त्यानं घेत होते.

किती पैसे घातले? कुठून आणले?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. आम्ही तो पहिला ठेवला असता.

ऑक्टोबरात आमची ४ लाखांची एफडी सुटली. घरखर्च महिन्याला ३८ हजार. सहा महिन्यांचे होतात २ लाख २८ हजार, म्हणून २ लाख ३० हजार बँकेतच ठेवले. लेक अकरावीला जाणार होती, तिच्या प्रवेशाचे आणि क्लासचे ५० हजार वेगळे. उरले १ लाख २० हजार. ते बारा महिन्यांत वाटले. दर महिन्याच्या ५ तारखेला १० हजार: ७ हजार निफ्टीच्या इंडेक्स फंडात (निफ्टीतल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर्स घेणारा फंड), ३ हजार आमच्या अकलेने निवडलेल्या शेअर्समध्ये. पहिला हप्ता तेवढा मुहूर्ताचा.

अकलेचा हिस्सा ३० टक्केच का, असं दीर विचारतात. भाऊजी, अक्कल तेवढीच होती.

शेअर्समधले पैसे पाच वर्षं हात न लावण्याचे, असं ठरवलं. त्याला आधार म्हणून जुने आकडे वहीत उतरवून घेतले. सेन्सेक्स (मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक) जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या वर होता. त्याच ऑक्टोबरात तो ८ हजारांच्याही खाली गेला. पुन्हा २१ हजारांवर बंद झाला तो २०१० च्या दिवाळीत. म्हणजे शिखरावर घेणाऱ्याला नुसते मुद्दल दिसायला जवळपास तीन वर्षं लागली, तेही मधे घाबरून विकलं नसेल तर. लेकीच्या क्लासची फी तीन वर्षं थांबत नाही.

डीमॅट दोघांचं मिळून काढावं की वेगवेगळं?

डीमॅट खातं, म्हणजे शेअर्स जिथे जमा राहतात ते, संयुक्त नावानं, तीन जणांपर्यंत निघतं. पण खरेदी-विक्रीचं ट्रेडिंग खातं एकाच्याच नावावर चालतं, पहिल्या खातेदाराच्या. आम्ही वेगवेगळी काढली. कारण सरळ आहे: नवऱ्याच्या खात्यावर मी ऑर्डर टाकायची म्हणजे त्याचा पासवर्ड, त्याचा ओटीपी, त्याचा फोन, आणि तो कामावर. तिथे फोन लॉकरमध्ये असतो.

एकच डीमॅट असेल आणि त्यातला माल ४ लाखांच्या आत असेल, तर 'बेसिक सर्व्हिसेस' प्रकारच्या खात्याला वार्षिक शुल्क पडत नाही. आपलं खातं त्यात बसतंय का, ते ब्रोकरला विचारून घ्या. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

कराची एक मेख आहे. नवऱ्यानं बायकोला पैसे दिले तर त्यावर कर नाही, पण त्या पैशांतून घेतलेल्या शेअर्सचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. 'बायकोच्या नावावर टाकून टॅक्स वाचवू' हा बेत तिथेच फसतो. माझ्या खात्यात माझ्या पगाराचे पैसे जातात, ते माझेच. आम्ही एफडीचे पैसेसुद्धा ज्याने जेवढे भरले होते तसे वाटून घेतले. इतक्या वर्षांच्या संसारात असा हिशोब पहिल्यांदाच झाला. माझा वाटा मोठा निघाला, हे इथे नोंदवून ठेवते.

पहिली ऑर्डर कशी टाकली?

चुकीची टाकली. पूजा झाली, लाह्या-बत्तासे वाटले, आणि सहा ते सात या तासाभराच्या मुहूर्त सौद्यात मी ६१२ रुपयांनी चार शेअर घेतले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी मोबाईलला हळदकुंकू लावलं. सातच्या आधी पाहते तर शेअर गायब! ऑर्डर टाकताना मी 'डिलिव्हरी'ऐवजी 'इंट्राडे' दाबलं होतं. इंट्राडेत घेतलेला माल त्याच दिवशी विकावा लागतो. आपण विकला नाही तर बाजार बंद व्हायच्या आधी ब्रोकरची यंत्रणा आपणहून विकते आणि त्या कष्टाचे पैसेही लावते. शेअर ६०६ ला गेला, म्हणजे २४ रुपये तोटा, वर ५९ रुपये दंडासारखे शुल्क. सगळा देश शकुनाची खरेदी करत होता तेव्हा आमच्याकडे शकुनाची विक्री झाली.

सोमवारी, ४ नोव्हेंबरला, सेन्सेक्स नऊशेहून अधिक अंशांनी आपटला आणि तोच शेअर मला ५९४ ला मिळाला. वेंधळेपणाचे पैसे जवळपास वसूल झाले. ही हुशारी नव्हती, हे नवरा अजून ऐकवतो.

तर ऑर्डर टाकताना तीन गोष्टी बघा. डिलिव्हरीच निवडलंय ना (काही अ‍ॅपमध्ये त्याला 'सीएनसी' म्हणतात, इंट्राडेला 'एमआयएस'). 'मार्केट' भावाऐवजी 'लिमिट' टाकून आपला भाव लिहिलाय ना. आणि शेअर किती, रुपये किती, यात गल्लत नाही ना. दिराने एकदा २५० रुपयांचा भाव समजून २५० नग टाकले होते. खात्यात तेवढे पैसे नव्हते म्हणून वाचले.

विकताना दर वेळी, दर कंपनीमागे, डीपीचे (डीमॅट खातं सांभाळणाऱ्या संस्थेचे) शुल्क लागते. ब्रोकरप्रमाणे कमी-जास्त, पण साधारण पंधरा-वीस रुपये धरा. अडीचशे रुपयांचा एक शेअर विकायचा आणि त्यातले पंधरा-वीस डीपीला घालायचे, यापेक्षा मेडिकलमध्ये एक गोळी कापून मागणारं गिऱ्हाईक परवडलं.

शेअर एका रात्रीत अर्ध्यावर आला! आता काय?

आधी बोनस (कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर) किंवा स्प्लिट (एका शेअरचे केलेले तुकडे) आहे का ते बघा.

सासऱ्यांकडे रिलायन्सचे थोडे शेअर्स आहेत, जुने. २८ ऑक्टोबर २०२४ ला सकाळी त्यांनी टीव्ही लावला. शुक्रवारी साडेसव्वीसशेच्या आसपास बंद झालेला शेअर साडेतेराशेच्या खाली दिसत होता. त्यांनी नुसतं "गेलं" एवढंच म्हटलं आणि पाण्याचा तांब्या मागितला. बाबांनी हर्षद मेहताचा काळ पाहिलाय. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ वर होता आणि त्यानंतर काय झालं, ते त्यांना तोंडपाठ आहे. त्यामुळे त्यांचं घाबरणं खोटं नव्हतं.

झालं होतं एवढंच, की एकास एक बोनसची ती तारीख होती. एका शेअरचे दोन झाले, म्हणून एकाचा भाव निम्मा. भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून पीठ वाढत नाही आणि घटतही नाही. बोनसचे शेअर्स खात्यात दिसायला एक-दोन दिवस जातात, तेवढ्या वेळात अ‍ॅप लालभडक तोटा दाखवतं. त्या दोन दिवसांत 'गेलं' म्हणून विकून मोकळी होणारी माणसंही असतात. बाबांनी विकले नाहीत, कारण त्यांना विकता येत नाहीत. पासवर्ड माझ्याकडे आहे.

शेअर पडला की अजून घेऊन अ‍ॅव्हरेज करावा का?

या एका प्रश्नाने आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं आणि सगळ्यात जास्त बुडवलं, म्हणून जरा सविस्तर.

नवऱ्याला एक छोटी कंपनी फार आवडली होती. गाड्यांचे सुटे भाग करते, मालाची फिनिशिंग त्याने हाताने चाचपून पाहिलेली. डिसेंबरात २१२ ला दहा शेअर घेतले. जानेवारीत भाव १६८. तो म्हणाला, "माल तोच आहे, स्वस्त मिळतोय." बारा घेतले. फेब्रुवारीत १३१. पंधरा घेतले. एकूण ३७ शेअर, ६,१०१ रुपये, सरासरी १६५. सरासरी खाली आली की माणसाला काहीतरी कमावल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात आम्ही ३ हजारांतले दोन हजार दर महिन्याला एकाच खड्ड्यात घालत होतो.

मे महिन्यात त्या कंपनीच्या ऑडिटरनं मुदतीआधीच राजीनामा दिला. आम्ही तेव्हा कुठे वार्षिक अहवाल उघडला. त्यात सगळं आधीपासून छापलेलं होतं: विक्री वाढत होती, पण पार्ट्यांकडून येणं त्याहून वेगाने वाढत होतं, हातात रोकड येत नव्हती, आणि मालकांनी स्वतःच्या शेअर्सचा मोठा हिस्सा तारण ठेवला होता. नवरा पंचवीस वर्षं कारखान्यात आहे. "माल गेला, पैसे नाही आले" म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायची गरज नाही. तरी त्याने बघितलं नव्हतं, कारण भाव बघत बसला होता. जूनमध्ये ७४ ला विकले. २,७३८ रुपये आले, ३,३६३ गेले.

मला ते आमच्या दुकानाच्या भाषेत कळलं. एक्स्पायरी जवळ आलेल्या मालावर घसघशीत सूट मिळते. सूट खरीच असते. पण त्याच दिवशी सगळ्याच औषधांवर कंपनीने पाच टक्के सूट दिली असेल, तर ती गोष्ट निराळी. भाव दोन्हीकडे कमी, कारणं वेगळी. बाजार पडल्यामुळे शेअर पडला, की कंपनीचंच काही बिघडल्यामुळे? अ‍ॅव्हरेज करायच्या आधी याचं उत्तर वहीत दोन ओळींत लिहायचं, आणि लिहिता आलं नाही तर घ्यायचं नाही, असं आम्ही त्यानंतर ठरवलं.

झटपट ओळखायची एक ढोबळ रीत: त्याच काळात निफ्टी किती पडला आणि त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपन्या किती पडल्या, ते शेजारी लिहा. सप्टेंबरच्या शिखरापासून एप्रिलच्या तळापर्यंत निफ्टी साधारण १७ टक्के उतरला. आमची सुट्या भागांची कंपनी त्यातल्या दोन-तीन महिन्यांतच ३८ टक्के उतरली होती. छोट्या कंपन्या जास्त पडतात हे खरं, पण तिच्या जोडीच्या दोन कंपन्या वीस-बावीसवर थांबल्या होत्या. घंटा वाजत होती.

आणि मोठं नाव असलं म्हणून सुटका नाही. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये चारशेच्या आसपास होता. दीडशेला अ‍ॅव्हरेज करणारे होते, पन्नासलाही होते. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेनं निर्बंध आणले आणि दुसऱ्या दिवशी भाव एक आकडी झालेला लोकांनी पाहिला. पुनर्रचनेत शंभरपेक्षा जास्त शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर्स तीन वर्षं गोठवले गेले. दुकानात येणारे एक काका अजून ते शेअर्स धरून आहेत. त्यांना मी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या देते.

निर्देशांकाचं मात्र वेगळं. निफ्टीत पन्नास कंपन्या असतात आणि खराब झालेली कंपनी यादीतून बाहेर काढली जाते. म्हणून इंडेक्स फंडाचा हप्ता पडत्या बाजारात चालू ठेवायला आम्हाला वही उघडावी लागली नाही.

७ एप्रिल २०२५ ला बाजार कोसळला तेव्हा तुम्ही काय केलं?

आदल्या दिवशी रविवारी रामनवमी. अमेरिकेने २ एप्रिलला आयातशुल्काची यादी जाहीर केली होती आणि शनिवार-रविवारभर टीव्हीवर त्याचीच चर्चा. आमचा ५ तारखेचा हप्ता शनिवार आल्यामुळे सोमवारवर गेला होता.

सकाळी सव्वानऊ. मी डब्याच्या पोळ्या लाटत होते, नवऱ्याची दुसरी शिफ्ट म्हणून तो घरीच. बाजार उघडला तोच पाच टक्के खाली. सेन्सेक्स ३,९०० हून अधिक अंश घसरलेला. तो ओट्यापाशी आला आणि फोन माझ्यासमोर धरला. काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजचा हप्ता थांबवता येतो का बघ ना."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "अहो, थांबवताय काय, बँकेतले दोन लाख तीस हजार आजच टाकू!"

तो भीतीने पांढरा, मी लोभाने लाल. दोघांचाही तोल गेलेला. तव्यावरची पोळी करपली ती करपलीच.

डिसेंबरात आम्ही वहीच्या पहिल्या पानावर एक नियम लिहून खाली दोघांनी सही केली होती: बाजार चालू असताना कुठलाही निर्णय नाही. जे काही करायचं ते साडेतीननंतर, दोघं समोरासमोर बसून, दुसऱ्या दिवसासाठी. तेव्हा तो नियम लुटुपुटूचा वाटला होता. त्या दिवशी नवऱ्याने वहीच काढून ओट्यावर ठेवली, पिठाच्या परातीशेजारी. हप्ता ठरल्याप्रमाणे गेला. बँकेतले पैसे बँकेत राहिले. निफ्टी सव्वातीन टक्के खाली, २२,१६१ वर बंद झाला. रात्री हिशोब लिहिला: आधी घातलेले ५० हजार, किंमत ४३,९००.

आता खरं सांगते. ९ एप्रिलला अमेरिकेनं बहुतेक देशांवरचं वाढीव शुल्क ९० दिवस पुढे ढकललं, आणि मेच्या मध्याला निफ्टी पुन्हा २५ हजारांवर होता. ते दोन लाख तीस हजार त्या दिवशी घातले असते तर महिन्या-सव्वा महिन्यात २९-३० हजार सुटले असते. मी हे नवऱ्याला तीनदा सांगून झालंय. पण सव्वानऊला हे कोणाला माहीत होतं? १३ मार्च २०२० ला बाजार इतका पडला की व्यवहार ४५ मिनिटं थांबवावे लागले. त्या दिवशी दुपारी तो सावरलाही, आणि 'तळ लागला' म्हणून अनेकांनी खरेदी केली. दहाच दिवसांनी, २३ मार्चला, निफ्टी एका दिवसात १३ टक्के पडला. आणि आमचंच बघा: जून २०२५ मध्ये नवऱ्याच्या कंपनीत ऑर्डर कमी झाल्या, दोन महिने निम्मा पगार आला. बँकेतल्या त्या पैशांतून आम्ही ४६ हजार काढले. काढताना आकडा लाल आहे की हिरवा, ते बघावं लागलं नाही.

यावरून भांडणं होतात का?

होतात. पण भांडणाचा विषय शेअर नसतोच. मला जोखीम चालते कारण माझ्या माहेरी दुकान होतं, कधी तेजी कधी मंदी. नवऱ्याच्या घरी महिन्याच्या १ तारखेचा पगार आणि पोस्टाची पासबुकं. आम्ही शेवटी असं ठरवलं की दोघांपैकी ज्याची झोप आधी उडते त्याच्या हिशोबाने रक्कम ठरवायची. झोप त्याची उडते. म्हणून महिना १० हजार, १५ नाही. माझी थोडी कुरकुर आहे, ती चालू राहील.

एसआयपी थांबवावी का?

नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं तर थांबवा. बाजार पडला म्हणून नाही.

पडत्या बाजारात ऑप्शनमध्ये पैसे मिळतात म्हणे?

ऑप्शन म्हणजे शेअरचा भाव पुढे कुठे जाईल यावर केलेला सौदा. त्यात दिराच्या मित्राला मिळाले, दोनदा. तिसऱ्यांदा काय झालं ते त्याने सांगितलं नाही, त्याची गाडी मात्र आता दिसत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला: तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. आमचं सगळं भांडवल १ लाख २० हजार. सरासरी तोटा करायचीसुद्धा आमची ऐपत नाही.

मला एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतलंय, तिथे रोज नफ्याचे स्क्रीनशॉट येतात...

बाहेर पडा. मग पुढचं वाचा.

सल्ला देणाऱ्याला सेबीची नोंदणी लागते. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक 'आयएनए'ने सुरू होतो, रिसर्च अ‍ॅनालिस्टचा 'आयएनएच'ने. तो सेबीच्या संकेतस्थळावर ताडून बघता येतो. नुसता क्रमांक दिला म्हणून खरं समजू नका, दुसऱ्याचा क्रमांक चिकटवणारे आहेत. लिंकवरून अ‍ॅप उतरवायला सांगतात, त्यात तुमचे लाखाचे चार लाख दिसतात, आणि काढायला गेलात की आधी 'टॅक्स' भरा म्हणतात. पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक बँक खात्यात पाठवायला सांगितले की ओळखायचं. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. माझ्या ओळखीतल्या एका बाई लाजेपायी आठ दिवस थांबल्या.

टॅक्स किती?

२३ जुलै २०२४ पासूनचे दर: वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के. वर्षानंतर विकलं तर आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर काही नाही, त्यापुढे १२.५ टक्के. '१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही' हे ऐकून खूश होऊ नका, ती सूट शेअर्सच्या या नफ्याला लागू नाही. तोटा झाला असेल तर तो पुढची आठ वर्षं नफ्यातून वजा करता येतो, पण रिटर्न मुदतीत भरला तरच. आमचे ३,३६३ रुपये आम्ही असे जपून ठेवलेत, लग्नातल्या आहेराच्या पाकिटासारखे.

त्यापेक्षा सोनं घेतलं असतं तर?

तर जास्त मिळाले असते. एप्रिल २०२५ मध्ये तोळ्यानं लाखाचा आकडा पाहिला आणि तिथेही थांबलं नाही. सासूबाई हा प्रश्न महिन्यातून एकदा, शक्यतो पाहुणे असताना विचारतात.

शेवटी मिळाले किती?

बारा हप्ते ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले. महिनाअखेरीचा हिशोब: इंडेक्स फंडातल्या ८४ हजारांचे ८९,६०० झाले. आमच्या अकलेच्या ३६ हजारांचे ३४,७००, विकलेल्याचे पैसे धरून. एकूण १ लाख २० हजारांचे १ लाख २४ हजार ३००. नफा ४,३००. सगळी रक्कम सात टक्क्यांनी वर्षभर एफडीत राहिली असती तर ८,४०० आले असते. हप्त्याहप्त्यानं घातल्यामुळे पैसे सरासरी सहाच महिने बाजारात होते, त्या मानाने बरोबरी झाली असं नवरा म्हणतो. सासूबाई म्हणतात, "मग एवढा कुटाणा कशाला केला?" पुढच्या महिन्यात, २७ नोव्हेंबरला, निफ्टीने सप्टेंबर २०२४ चं शिखर ओलांडलं, चौदा महिन्यांनी. त्या दिवशी त्यांना आकडा दाखवायला गेले तर त्या भिशीला गेल्या होत्या.

तुमच्यापैकी एकाला काही झालं तर दुसऱ्याला सापडेल का सगळं?

हा प्रश्न फक्त एकाच व्यक्तीने विचारला, आमच्या लेकीने.

नॉमिनी आम्ही दोघांनी एकमेकांना केलं आहे. आता दहा जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, म्हणून तिचंही नाव घातलं. डीमॅट आणि म्युच्युअल फंड मिळून सगळ्याचं एकत्रित विवरण पॅनवर ईमेलने येतं. आधी ते नवऱ्याच्या कामाच्या ईमेलवर जायचं, म्हणजे नोकरी सुटली की तेही सुटलं असतं. ते बदलून घेतलं. एका कागदावर दोघांचे डीमॅट क्रमांक, ब्रोकरचं नाव, फंडाचा फोलिओ आणि कोणत्या बँकेतून हप्ता जातो, एवढंच लिहिलं. पासवर्ड लिहिले नाहीत. कागद स्टीलच्या कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. लेकीनं जागा बघून घेतली आणि म्हणाली, "पिशवीला उंदीर लागलाय, आधी ती बदला."